शिरूरचा ट्रक आणि दौंडचं इंजिन

ट्रकवाल्यांकडे किस्से कधी कमी पडत नाहीत, त्याचं कारण सोपं आहे. कुठलाही ड्रायव्हर गाडी रिकामी परत आणत नाही. जाताना गूळ नेला तर येताना सरकी पेंड, जाताना कांदा तर येताना सिमेंट. आणि काहीच मिळालं नाही, तर निदान एखादा किस्सा तरी भरून आणायचा! शिरूरच्या बाजारतळाशेजारी आमच्या गाड्या उभ्या राहायच्या, तिथं एक लिंबाचं झाड होतं. त्या झाडाखाली माल कमी आणि किस्सेच जास्त उतरले असतील.

हे सगळं एकोणीसशे साठच्या थोडं अलीकडचं-पलीकडचं. आज सणसवाडीकडे बघाल तर कंपनीला कंपनी लागलेली आहे. तेव्हा तिथं बाभळी होत्या आणि मेंढरं होती. रस्त्यावर एखादा ट्रक दिसला तर पोरं शाळा सोडून बघायला धावायची. आता हे मी जरा जपूनच सांगतोय, कारण त्या धावणाऱ्यांत शाळेचे मास्तरही असायचे, आणि ते मास्तर म्हणजे मी!

आमचं टोळकं तिघांचं. महादूआप्पा म्हणजे आमचे उस्ताद. मोठा गुलाबी फेटा, भरघोस मिशा, आणि ट्रकवर येण्याआधी अर्धं आयुष्य बैलगाडीवर गेलेलं. दुसऱ्या गाडीचे ड्रायव्हर इस्माईलभाई. शिरूरला घडलेली गोष्ट दौंडला तारेच्या आधी पोचवायची असेल, तर ती इस्माईलभाईंच्या कानात सांगायची, बास! आणि तिसरा मी. नाव दावीद, पण सगळे मला 'मास्तर'च म्हणत. स्टिअरिंग हातात आल्यावरही ते नाव काही सुटलं नाही.

*

माझे वडील शिरूरच्या मिशन शाळेचे हेडमास्तर. मलाही त्यांनी ट्रेनिंग कॉलेजात घालून मास्तर केलं आणि चौथीचा वर्ग दिला. त्या वर्गाची खिडकी नेमकी नगर रस्त्याकडे उघडायची. सगळा घात तिथंच झाला.

मी पाढे म्हणून घ्यायचो, आणि मधेच ट्रकचा आवाज आला की खडू हातात तसाच. "हे इस्माईलभाई चालले. गिअर उशिरा टाकला बघा!" असं मी नकळत बोलून जायचो. पोरं हुशार. पाढ्यांपेक्षा त्यांना हेच पटकन पाठ झालं.

एक दिवस तपासणीला साहेब आले. त्यांनी पहिल्या बाकावरच्या पोराला उभं केलं आणि विचारलं, "शिरूरहून नगरला जाताना काय काय लागतं, सांग."

त्यांना नदी हवी होती, गावं हवी होती. पोरगं छाती काढून म्हणालं, "सायेब, आधी चढ लागतो. तिथं सेकंड टाकाया लागतो. भरलेली आसंल तर फष्ट!"

साहेबांनी वडिलांकडे बघितलं, वडिलांनी माझ्याकडे. संध्याकाळी घरी त्यांनी मला समोर बसवलं. मी मनातलं सांगून टाकलं, की बाबा, मला ट्रक ड्रायव्हर व्हायचंय. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अरे, मोशेनं सगळ्या इस्राएल लोकांना रानातून नेलं," बाबा कडाडले. "पायी नेलं, पायी! त्याला काही ट्रक लागला नाही!"

आई दारातूनच म्हणाली, "म्हणूनच चाळीस वर्षं लागली!"

दुसऱ्या आठवड्यात मी शाळा सोडली आणि महादूआप्पांच्या गाडीवर चढलो.

*

ट्रकची ओढ होतीच, पण त्याच वर्षी एस्तेरही भेटली.

दौंडच्या ख्रिस्ती मंडळीचा कापणीचा सण होता. लोक शेतातलं जे पिकेल ते देवाला आणून देत, आणि तो सगळा माल आमच्या ट्रकमधून न्यायचा होता. मी आपला मोठ्या ऐटीत मागे चढलो आणि हाताला येईल तसं रचू लागलो. खालून आवाज आला, "अहो, भोपळे खाली, अंडी वर, आणि तुम्ही बाजूला!"

बघतो तर पदर खोचलेली, कपाळावर घाम आलेली एक मुलगी. ती वर चढली आणि असा माल रचला की शिरूरच्या हमालांनी बघत राहावं. वाटेत एक अंडं फुटलं नाही. मी मात्र जागीच गार झालो होतो.

पण एस्तेरचे वडील होते शमुवेलमामा! दौंड जंक्शनचे इंजिन ड्रायव्हर. मेलगाडी चालवणारा माणूस. ते रस्त्यानं चालत निघाले तरी लोक बाजूला होत. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी माझ्यासाठी शब्द टाकला तेव्हा मामा म्हणाले, "ट्रकवाला? त्याला लायसन तरी आहे का? लायसन येऊ दे, मग बघू."

म्हणजे माझं लग्न आता पुण्याच्या आरटीओ साहेबांच्या हातात होतं. त्यांना बिचाऱ्यांना याची कल्पना नव्हती.

*

महादूआप्पांनी मला गाडी शिकवली ती बैलगाडीच्या रीतीनं. ब्रेक दाबताना त्यांच्या तोंडून "होऽ होऽ, राजा!" निघायचं आणि चढावर "हाईक! हाईक!" करून ते अर्धे पुढे झुकायचे. शिकता शिकता मलाही तीच खोड लागली. नुसता ब्रेक दाबला तर गाडी थांबेल यावर माझा विश्वासच बसेना.

दुसरी गोष्ट म्हणजे हात. तेव्हा गाडीला वळायचे दिवे कुठले? उजवीकडे वळायचं तर ड्रायव्हरनं हात बाहेर काढायचा. डावीकडे वळायचं असलं की मी म्हणायचो, "आप्पा, हात!" आणि डाव्या बाजूला बसलेले आप्पा आपला दणकट हात बाहेर काढायचे. आमचं असं झकास चाललं होतं.

ट्रायलचा दिवस आला. पुण्यात गेलो. माझ्या शेजारी आप्पांच्या जागेवर साहेब बसले, टोपी घातलेले, मांडीवर कागद. मी गाडी छान काढली. पुढे चौक आला. साहेब म्हणाले, "लेफ्ट घ्या."

मी समोर नजर ठेवून म्हणालो, "हात काढा, हात! डावीकडं वळायचंय!"

आवाज मास्तरकीचा होता हो! चौथीच्या वर्गाला दटावायची सवय. साहेबांनी झटकन हात बाहेर काढला. मागचा सायकलवाला शहाण्यासारखा थांबला. मी सुरेख वळण घेतलं. वळण पुरं झाल्यावर साहेबांनी आपला बाहेर राहिलेला हात बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"लायसन तुम्हाला हवंय की मला?" असं म्हणून त्यांनी त्याच हातानं मला नापास केलं.

परत येताना मी रडकुंडीला आलो होतो. डोळ्यांपुढे एस्तेर, तिच्यामागे शमुवेलमामा. आप्पांनी पाठीवर हात ठेवला. "मास्तर, इतकं वाईट वाटून घिऊ नगा. कुनीतरी पास झालंच न्हवं? सायबानं हात लई झ्याक काढला!"

पुढच्या खेपेला दुसरे साहेब होते. मी दोन्ही बाजूंचे इशारे स्वतःच केले, घाम पुसत पुसत. शेवटी त्यांनी "थांबवा" म्हटलं आणि माझ्या तोंडून निघालंच, "होऽ होऽ, राजा, होऽ!" मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, संपलं.

साहेबांनी कागद मांडीवर ठेवला. मग हळूच म्हणाले, "आमच्याकडं पण एक खिल्लारी जोडी होती." आणि त्यांनी सही केली.

*

लायसन आलं आणि आप्पांनी पहिल्यांदा मला केबिनमध्ये एकट्याला बसवलं. काम साधं होतं. शिरूरच्या बाजारात विकली गेलेली एक म्हैस न्हावऱ्याला पोचवायची. म्हशीचा मालक आणि आप्पा मागे म्हशीजवळ उभे राहणार होते.

आमच्या गाडीला आरसा नव्हता. मागच्या माणसानं फळीवर एक थाप मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. ट्रकवाल्यांचा हा कायदाच. थाप आली की प्रश्न विचारायचा नाही.

मी इंजिन चालू ठेवून बसलो होतो. मागून आवाज आला, धाड, धाड! दोन थापा. मी निघालो.

थोडं पुढे गेलो तर, धाड! एक. थांबलो. म्हटलं, आप्पांना काहीतरी दिसलं असेल. तंबाखू मळायची असेल. लगेच दोन आल्या, निघालो. पुढे खड्डा आला, त्याच्या अलीकडे एक थाप. थांबलो आणि हळू घेतली. मी मनात म्हणत होतो, उस्ताद तो उस्ताद! मागे उभं राहूनसुद्धा केवढं लक्ष आहे माणसाचं!

असा थांबत-निघत, एकेक थाप मानत मी न्हावऱ्याला पोचलो. म्हैस घेणारा वाट बघत होता. तो म्हणाला, "म्हस आली, बेस झालं. संगं कोन हाय?" मी खाली उतरून मागे गेलो. म्हैस एकटीच उभी होती. माझ्याकडे बघून तिनं फळीला लाथ घातली, धाड!

आप्पा आणि मालक बाजारातच चहा प्यायला उतरले होते. ते इस्माईलभाईंच्या गाडीतून मागाहून आले, फेटा सुटलेला, तोंड लालबुंद. "मास्तर! आम्हाला सोडून गाडी हितवर आनली कुनी?"

मी खरं काय ते सांगितलं. आप्पांनी म्हशीला खालून वर न्याहाळलं. "खड्ड्यापाशी थांबीवलीवती का?"

"व्हय, थांबवली होती."

"मंग काय बोलायचं न्हाई. माझ्यापरीस बरी हाकती!"

इस्माईलभाई तिथं उभे होते, म्हणजे पुढचं सांगायला नकोच. तिसऱ्या दिवशी पाळकसाहेब दौंडहून शमुवेलमामांचा निरोप घेऊन आले. मामांनी एवढंच विचारलं होतं, "लायसन नक्की कुणाला मिळालंय, मुलाला की म्हशीला?"

*

मधे दसरा आला. गाडीची पूजा. आप्पांनी हार घातला, नारळ फोडला. इस्माईलभाईंनी दर्ग्यातून आणलेला ताईत बॉनेटला बांधला. मग आप्पा म्हणाले, "मास्तर, तुमचा द्येव तेवढा ऱ्हायला. थोरल्या मास्तरांना बोलवा. गाडी समद्यांची हाय."

बाबा येतील असं मला वाटलं नव्हतं. शाळा सोडल्यापासून ते माझ्याशी 'जेवलास का' याच्यापुढे बोलले नव्हते. पण ते आले! कोट घालून, पवित्र शास्त्र काखेत धरून लिंबाच्या झाडाखाली उभे राहिले.

आता, आमची गाडी मिलिटरीची, लढाईत कुठं कुठं फिरून मग लिलावात निघालेली. हँडल मारून मारून खांदे निखळायचे तेव्हा सुरू व्हायची. त्या दिवशी पूजा झाली की लगेच माल घेऊन निघायचं होतं, म्हणून आप्पांनी ती आधीच सुरू करून ठेवली होती. टाकीत पेट्रोल बेताचंच होतं. वाटेत भरू म्हटलं होतं.

बाबा म्हणाले, "डोळे मिटा." सगळ्यांनी मिटले. हमाल, पानवाला, बाजारातल्या भाजीवाल्या बायका, सगळ्यांनी.

बाबा पडले शिक्षक. सुरुवातीपासून शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. त्यांनी प्रार्थना धरली ती आकाश आणि पृथ्वी उत्पन्न झाली तिथपासून. मग नोहाचं तारू आलं. "प्रभो, तेही मालवाहूच होतं," असं ते म्हणाले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बाबांनी तयारी केलेली आहे. माझ्यासाठी! मग तांबडा समुद्र आला. मग एलीयाचा अग्निरथ. गाडी आपली घुरघुर करत होती. पौलाचा प्रवास सुरू झाला आणि तोही एकेका गावावरून, आमच्या एसटीसारखा सगळीकडे थांबत.

पौल रोमच्या जवळपास आला असेल नसेल, गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि गप्प झाली.

बाबांनी एक डोळा उघडला. "आमेन," ते म्हणाले.

इस्माईलभाई माझ्या कानाशी लागले, "मास्तर, अब्बाजान की टाकी अभी फुल्ल है. अपनी खाली हो गई!"

लोक हसून हसून खाली बसले. बाबा कधी नव्हे ते स्वतःही हसले. मग त्यांनी माझा हात धरून बाजूला नेलं आणि आपल्या सायकलची किल्ली माझ्या हातात ठेवली. त्या सायकलला मी लहानपणापासून कधी हात लावलेला नव्हता, लावूच देत नसत. "जा, पेट्रोल घेऊन ये," ते म्हणाले. "गाडीवाल्यानं खोळंबून चालत नाही." मला एकदम भरून आलं. मी पेट्रोल आणायला गेलो तो अर्ध्या रस्त्यात डबा विसरल्याचं लक्षात येऊन परत आलो.

*

बाबांचं झालं. राहिले शमुवेलमामा. पाळकसाहेबांनी नेट लावून मुलगी बघायचा दिवस ठरवला.

त्याच दिवशी वडगाव रासाईहून गुळाच्या ढेपी भरून दौंडच्या मालधक्क्यावर टाकायच्या होत्या. म्हटलं, एका खेपेत दोन्ही कामं होतील. मी नवा पांढरा शर्ट घातला. आप्पांनी धुतलेला सदरा घातला आणि फेट्याऐवजी नवी टोपी चढवली, कारण माझ्या बाजूनं मोठं माणूस म्हणून तेच येणार होते.

निम्म्या वाटेत रेडिएटर गळायला लागला. आप्पा म्हणाले, "हळद पायजे. हळद टाकली की भोक बुजतं." हे खरं आहे, तेव्हा सगळे ट्रकवाले तसंच करायचे. रस्त्याकडेच्या वस्तीवर नेमकं लग्नघर होतं. बायकांनी विचारलं, "हळद कुनाला लावायची?" आप्पा म्हणाले, "इंजनाला!" बायकांनी हसत हसत ओंजळभर दिली. आप्पांनी सगळीच्या सगळी रेडिएटरमध्ये ओतली.

गळती थांबली, पण पुरती नाही. जे थोडं पाणी बारीक भोकातून उडत होतं ते पंखा मागे फेकत होता. आणि आमच्या गाडीच्या डॅशबोर्डला लढाईपासूनची भोकं! त्या भोकांतून पिवळा, कोमट फवारा आमच्या अंगावर यायला लागला. थांबलो तर दौंडला उशीर होणार, आणि रेल्वेच्या माणसाकडे उशिरा जायचं म्हणजे संपलंच. तसेच गेलो.

रेल्वे क्वार्टरच्या दारात उतरलो तेव्हा आम्ही दोघंही डोक्यापासून पायापर्यंत पिवळेधमक. शेजारपाजारचे लोक बाहेर आले. शमुवेलमामा खिशातलं घड्याळ हातात घेऊन दारात उभे होते. त्यांनी आधी मला बघितलं, मग साठीच्या आप्पांना बघितलं.

"यातला नवरा कुठला?" त्यांनी विचारलं.

आप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मामांनी आम्हाला आत बसवलं, खुर्च्यांवर जुनी वर्तमानपत्रं अंथरून! आणि प्रश्न सुरू केले. घरी जेवायला किती वाजता येतोस? सांगता येत नाही. निघतोस किती वाजता? माल भरला की. पोचतोस किती वाजता? मी आप्पांकडे बघितलं, आप्पांनी छताकडे.

"म्हणजे टाईमटेबल नाही," मामा म्हणाले. "अरे, टाईमटेबल नसलेल्या माणसाच्या घरी बाईनं भात कधी टाकायचा?"

माझा चेहरा पडला. पिवळा असल्यामुळे कुणाला दिसला नसेल.

तेवढ्यात एस्तेर पाणी, साबण आणि टॉवेल घेऊन आली. मी हात धुवायला परसात गेलो. ती तांब्यानं पाणी घालत होती. मी खसखसा मानेवरची हळद घासायला लागलो.

ती हळूच म्हणाली, "तोंड तेवढं धुवा. बाकीची राहू द्या. पुन्हा लावायचा ताप नको!"

मी साबण तोंडात घातला होता की काय, मला आठवत नाही. आत आलो तेव्हा मामा म्हणत होते, "एकदा मी स्वतः याच्या गाडीत बसून शिरूरला येईन. मग बघू."

*

आणि मामा आले. सुट्टीच्या दिवशी, मालधक्क्यावर, कोट, कॅप, घड्याळ, खांद्याला पिशवी. मागे सरकी पेंडीची पोती भरली होती. आप्पा मला सकाळपासून सांगत होते, "मास्तर, आज ह्यो मानूस नाराज झाला तर पोरगी गेली समजा."

मामांनी पिशवीतून छोटी हातोडी काढली आणि आमच्या चाकांवर एकेक ठोका मारत फिरले. रेल्वेची चाकं ठणठण वाजतात. आमची टायरं ठप् ठप् करत होती. मामांनी मान हलवली. मग ट्रकखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "रूळ नाहीत. गाडी कुठं जाईल याचा भरवसा काय?"

"मी नेईन तिकडं जाईल, मामा."

"तोच तर घोर आहे!" मामा म्हणाले. "आणि गार्ड कोण?"

आप्पा पुढे झाले. मामांनी त्यांना एक शिट्टी दिली आणि मागे पोत्यांवर बसायला सांगितलं. हिरवं निशाण नव्हतं. आप्पांनी डोक्याचा फेटा सोडला, "गुलाबी चालंल का?"

"गुलाबी चालेल. लाल नको."

आप्पांनी शिट्टी फुंकली, फेटा हलवला आणि आम्ही दौंड सोडलं. मामा माझ्या शेजारी ताठ बसले होते. इंजिनात ड्रायव्हर आणि फायरमन एकमेकांना सिग्नल ओरडून सांगतात, तसं मीही सांगायचं असा त्यांचा हुकूम झाला.

मी ओरडलो, "पुढं शेळ्या!"

मामा ओरडले, "शेळ्या, ऑल राईट!"

"खड्डा!"

"खड्डा, ऑल राईट!"

"पुढं... पुढं एक म्हातारी, डोक्यावर सरपण!"

"म्हातारी, ऑल राईट!" मामा ओरडले आणि म्हातारी सरपण टाकून शेतात पळाली.

न्हावऱ्याच्या अलीकडे एका ओढ्यावर पुलासारखी फरशी होती. एकच गाडी जाईल इतकी अरुंद. पलीकडे उसाच्या बैलगाड्या आम्हाला वाट देऊन थांबल्या होत्या. मी पुढे घेणार, तोच मामा गरजले, "थांब! गोळा कुठाय?"

दौंडहून मनमाडकडे जाणारी लाईन तेव्हा एकेरी होती. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून स्टेशनवाले ड्रायव्हरला एक लोखंडी गोळा देत, वेताच्या मोठ्या कडीला लावलेल्या पिशवीत. हात उंच धरून खाली माणूस उभा राहायचा आणि ड्रायव्हरनं चालत्या इंजिनातून ती कडी दंडात अडकवून घ्यायची. गोळा हातात आला की पुढची लाईन तुमची, आणि पुढच्या स्टेशनात तो जमा करायचा. नाही आला तर जागचं हलायचं नाही.

"मामा, हा ओढा आहे," मी म्हणालो.

"एकेरी आहे ना? मग गोळ्याशिवाय मी जात नाही. उभ्या जन्मात गेलो नाही." ते चेष्टा करत नव्हते. मागे जाता येत नव्हतं, पुढे मामा जाऊ देत नव्हते, आणि एस्तेर माझ्यापासून दर मिनिटाला लांब चालली होती.

पलीकडून एक गाडीवान ओरडला, "काय झालं, ओ पावनं? इंजान बसलं का?"

आप्पांनी पोत्यांवर उभं राहून त्याला सगळं समजावलं. गाडीवानानं जराही वेळ घालवला नाही. बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ काढली आणि फरशीवरून चालत आला. "ह्यो घ्या तुमचा गोळा! पल्याड गेल्यावर परत द्या, बैल रुसतो."

"उभ्या गाडीत घेत नाहीत," मामा म्हणाले. "गाडी चालती पाहिजे."

गाडीवान हात उंच करून उभा राहिला. मी गाडी सोडली. मामांनी बाहेर झुकून घुंगुरमाळ अशी अलगद दंडात झेलली, की उसाच्या गाड्यांवरचे सगळे लोक वाहवा करायला लागले. "लाईन क्लिअर!" मामा गरजले. घुंगरं छनछन वाजत आम्ही ओढा ओलांडला. दिवसभरात त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं होतं.

पण शिरूरला आमच्या घरी आल्यावर ते हसू पुन्हा मावळलं. चहा झाला. बाबांनी न राहवून विचारलं, "मग शमुवेलराव, आमच्या दावीदचं काय?"

मामांनी घड्याळ बघितलं. "गाडी लेट आली," ते म्हणाले. मग पिशवी उचलली. "मी जरा पाय मोकळे करून येतो."

आई मटकन खाली बसली. मला पेंडीची पोती टाकायला पुढे जायचं होतं. आप्पा मागे पोत्यांवर जाऊन बसले. मी गाडी काढली आणि मिशन कंपाउंडच्या फाटकाकडे निघालो.

फाटकाबाहेर, रस्त्याच्या उजव्या कडेला शमुवेलमामा उभे होते. पाय रोवलेले, कॅप नीट बसवलेली, एक हात उंच वर. हातात एक गोल कडी होती. मी ब्रेककडे पाय नेला.

"थांबू नको!" मामा ओरडले. "चालतीवर घे!"

मी हात बाहेर काढला. कडी कोपरापर्यंत येऊन बसली. आप्पांनी मागून अशी शिट्टी फुंकली की बाबा आणि आई घरातून धावत बाहेर आले.

"गोळा जमा दौंडला करायचा!" मामा मागून ओरडत होते. "आणि गार्डाला संगं आण!"

मी कडी मांडीवर घेतली. ती बायकांची भरतकामाची लाकडी रिंग होती, तिच्यात पांढरं कापड ताणून बसवलेलं. कापडावर एस्तेरनं निळ्या दोऱ्यानं आमचा ट्रक भरला होता. आणि ट्रकच्या चाकांखाली, काळ्या दोऱ्यानं, एकसारखे टाके घालून, दोन लांबलचक रूळ!